चारशे एकाहत्तर नंबरचं कोकरू

आर्डिस व्होबोरिल मेंढ्यांच्या शेडात शिरली की पोरं आपोआप शर्ट खोचायची. रिंगणात जनावर दाखवताना पांढरा शर्ट, तोही खोचलेला, असा जत्रेचा नियम होता. पण रिंगणाला दोन दिवस अवकाश असला, पोरं शेण काढत असली, तरी बाई दिसताच हात कमरेकडे जायचे. बाईंच्या काखेत कायम एक लाकडी फळी, फळीच्या चिमट्यात नियमांची पुस्तिका. पुस्तिका बाई उघडायच्या नाहीत. त्यांना ती पाठ होती.

नेब्रास्काच्या त्या काउंटीत जत्रेतल्या मेंढ्यांचा विभाग आर्डिसकडे सव्वीस वर्षं होता. नवरा लेनर्ड ट्रॅक्टरखाली गेला त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात तिनं तो घेतला, आणि लोक म्हणत, तेव्हापासून तिनं दुसरा संसार मांडला तो पुस्तिकेशी. मूलबाळ नव्हतं. घरी साठ-सत्तर मेंढ्या, एक म्हातारा कुत्रा आणि स्वयंपाकघरात लोखंडी शेगडी. फेब्रुवारीत आई मेलेली किंवा आईनं टाकलेली कोकरं ती शेगडीशेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून बाटलीनं जगवायची. ती जगवताना ती कुणाशी बोलत नसे, कोकरांशीसुद्धा नाही.

तिच्या कडकपणाच्या गोष्टी लोक कौतुकानं सांगत. डॉक्टरच्या मुलानं मेंढीचं वजन भरावं म्हणून नळीनं पाणी पाजलं, तर तिनं त्याला सगळ्यांसमोर मेंढी मुतेपर्यंत काट्याशेजारी उभं केलं. एका पोरीला उशीर झाला सहा मिनिटं. वाटेत टायर फुटलं होतं. आर्डिसनं घड्याळ दाखवलं आणि फाटक लावून घेतलं. अर्ज मुलानं स्वतःच्या हातानं भरावा, हा नियम तर तिनंच पुस्तिकेत घालून घेतला होता, कारण आईबापच सगळं करतात आणि पोरं नुसती फोटोला उभी राहतात. त्या नियमाखाली तिनं गेल्याच वर्षी रे प्रोहास्काच्या मुलाला बाद केलं. अक्षर बापाचं होतं. प्रोहास्का मोठा शेतकरी, तोंडाचा फटकळ. तो वकिलाकडे गेला, पण हाती काही लागलं नाही. जत्रेच्या मंडळाचा अध्यक्ष डेल्मर हॅवलिक तेव्हा म्हणाला होता, "आर्डिस आहे म्हणून आपली जत्रा सरळ आहे." ते वाक्य आर्डिसनं बरेच दिवस जपलं.

त्या वसंतात शॉना रस्क तिच्या दारात आली. अकरा वर्षांची, गुडघ्यावर फाटलेली जीन. आई ग्वेन गावातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची आंघोळ-पांघरूण करायची. दोघी वर्षभरापूर्वी कुठूनतरी येऊन वॉशिंग सेंटरच्या माडीवर राहिल्या होत्या.

"बाई, तुमच्याकडे टाकलेली कोकरं असतात ना?" शॉना म्हणाली. "मला एक हवंय. जत्रेत दाखवायला."

"ठेवणार कुठं? माडीवर?"

"तुमच्याकडेच. मी रोज येईन. शाळा सुटली की."

"रोज म्हणजे रविवारीसुद्धा. नाताळात मेंढ्या उपाशी राहत नाहीत, वाढदिवसाला राहत नाहीत."

"माझा वाढदिवस जत्रेनंतर आहे," शॉना म्हणाली.

आर्डिसनं तिला आत घेतलं. खोक्यात दोन कोकरं होती, एकाच आठवड्यात आलेली, दोन्हींचे चेहरे काळे. शॉनानं डावीकडचं निवडलं. आर्डिसनं दोघांच्याही कानात बिल्ले ठोकले, एकाच्या चारशे सतरा, एकाच्या चारशे एकाहत्तर. शॉनाचं चारशे एकाहत्तर.

"नाव ठेवू नकोस," आर्डिस म्हणाली. "जत्रेत आलेलं जनावर घरी परत जात नाही. शनिवारी ट्रकमध्ये, थेट कत्तलखान्याला. नाव ठेवलंस तर तुझं तुला भारी पडेल."

"नाही ठेवत," शॉना म्हणाली, आणि ठेवलं. आर्डिसला गोठ्याच्या भिंतीआडून रोज ऐकू यायचं.

पोरगी सायकलवर चार मैल यायची. पाणी बदलायची, खुरं बघायची, कोकराला मानेखाली हात घालून ताठ उभं करायला शिकायची. आर्डिस तिला चांगलं कधी म्हणाली नाही. "पाय मागे. अजून मागे. ते टेबल आहे का? मेंढी आहे ती." पण चारच्या सुमाराला ती खिडकीशी जाऊ लागली, आणि शनिवारी खसखशीचे गोड पाव भाजू लागली. ते एकटीसाठी तिनं कधी भाजले नव्हते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोकरानं फाटकापाशी दोरीला हिसका दिला आणि शॉनाचं मनगट मोडलं. उजवं. प्लास्टर बोटांपर्यंत. अर्जाची मुदत परवावर. ग्वेनची दुहेरी पाळी चाललेली, पोरीनं अर्ज घडी करून खिशात आणलेला.

"डाव्या हातानं लिहिते," शॉना म्हणाली, आणि तिनं नाव लिहिलं. ते कोंबडी चालून गेल्यासारखं दिसत होतं. पुढच्या चौकोनात बसेना.

आर्डिसनं थोडा वेळ बघितलं. मग अर्ज ओढून घेतला. "दे इकडे. सही तेवढी तू कर."

तिनं भरभर भरलं. कोकराची जात, जन्मतारीख, बिल्ल्याचा नंबर. बाहेर कुत्रा भुंकत होता, ओव्हनमध्ये पाव करपायला आले होते. शॉनानं जीभ बाहेर काढून डाव्या हातानं सही केली.

जत्रेच्या पहिल्या सकाळी वजन. सात वाजता रांग लागली, पंखे घोंघावत होते, कोकरांना साबणाचा वास. जनावरांचा डॉक्टर बिल्ला मोठ्यानं वाचायचा आणि आर्डिस यादीवर खूण करायची.

"चारशे एकाहत्तर. रस्क."

आर्डिसच्या यादीत रस्कपुढे चारशे सतरा होतं.

तिला सगळं एका क्षणात कळलं. शेगडी, खोकं, दोन काळी तोंडं. आणि चारशे सतरा या घडीला तिच्या घरामागच्या कुरणात चरत होतं हेही. ती पेन्सिल हातात धरून थांबली. नेमका प्रोहास्का काट्याच्या कठड्याला टेकून उभा होता, धाकट्या पोराला घेऊन.

"काय झालं बाई?" तो म्हणाला. "जुळत नाही वाटतं?"

मागची रांग माना उंचावून बघू लागली.

"चूक असेल लिहिण्यातली," डॉक्टर हळू म्हणाला. "आकडे उलटे झालेत."

"किंवा कोकरू उलटं झालंय," प्रोहास्का म्हणाला. "नोंदवलं ते मेलं, आणि हे चांगलं आणलं. होतं असं. आमच्या पोराच्या वेळी बाईंनी अक्षरसुद्धा तपासलं होतं. आता काय करतात बघू."

शॉना आर्डिसकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बाई आता सांगतील, असाच भाव होता.

"बाजूला घ्या," आर्डिस म्हणाली. "दहाला मंडळासमोर."

दहाला जाण्याआधी डेल्मरनं तिला लिंबू सरबताच्या दुकानामागे गाठलं. "मी अर्ज बघितला," तो म्हणाला. "आर्डिस, मी तुला काही विचारणार नाही. तूही मला काही सांगू नकोस. तो प्रोहास्का टपून बसलाय. ते अक्षर तुझं निघालं तर गेल्या वर्षीचा निकाल गेला, तू गेलीस, आणि जत्रेवर दावा. कळतंय ना?"

"पोरीचं काय?"

"पोरगी अकरा वर्षांची आहे. विसरेल."

मंडळ म्हणजे पाच माणसं, पत्र्याच्या खोलीत घडीच्या टेबलामागे. ग्वेन कामावरून तशीच आली होती, आश्रमाच्या फुलाफुलांच्या झग्यात. प्रोहास्का दारात उभा.

"नियम आठ," डेल्मर वाचू लागला. "नोंदवलेलंच जनावर दाखवावं. बदललेलं आढळल्यास बाद, आणि तीन वर्षं बंदी. शॉना, काय म्हणायचंय तुला?"

"मी बदललं नाही. बाईंना माहितीय. बाईंच्याच घरी होतं ते. नंबरही बाईंनीच लिहिला, माझा हात मोडला होता म्हणून."

डेल्मरनं पुस्तिका मिटली.

"असं बोलू नये गं," मंडळातली एक बाई म्हणाली. "एवढी मदत केली त्यांनी तुला."

"पण खरंच. बघा ना, तो सात बघा. मी सातला मधे रेघ नाही मारत. त्या मारतात."

अर्ज टेबलावर होता. पाचही जणांनी मान खाली घालून सात बघितला. शेडातल्या प्रत्येक कप्प्यावर नंबराचं कार्ड लावलेलं होतं, सव्वीस वर्षं त्याच हातानं लिहिलेलं, आणि प्रत्येक सातच्या पोटातून आडवी रेघ गेलेली. आर्डिसला बापानं तसाच सात शिकवला होता. त्या खोलीत तो सात न ओळखणारं कुणी नव्हतं. प्रोहास्काही टाचा उंचावून बघत होता.

डेल्मर खाकरला. "आर्डिस?"

शॉनानं मान वळवली. आर्डिसनं तिच्याकडे बघितलं नाही. तिनं अर्ज उचलला, उलटा फिरवला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही सही कोणाची?" ती म्हणाली.

"माझी."

"सहीच्या वर काय छापलंय? वाच."

शॉनाला ते वाचताना अडखळायला झालं. "वरील... सर्व माहिती मी... तपासली असून ती खरी आहे."

"तपासलीस?"

"तुम्ही लिहिलं होतं म्हणून..."

"तपासलीस का, एवढंच विचारते."

"नाही."

"मग झालं तर," आर्डिस म्हणाली आणि अर्ज खाली ठेवला.

ग्वेन उठली. "एका शब्दानं होईल हो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. म्हाताऱ्यांशी बोलायची सवय होती तिला. "तुमच्या एका शब्दानं. पोरगी रोज आठ मैल सायकल मारत होती तुमच्याकडे."

"नियम मी माणूस बघून लावत नाही," आर्डिस म्हणाली.

तीन वर्षं बंदी. पाच हात वर. प्रोहास्काला हवं होतं ते मिळालं नाही, पण जे बघायला मिळालं तेही त्याला बरं वाटलं असावं. जाताना त्यानं आर्डिसकडे बघून टोपीला हात लावला.

बाद झालेलं कोकरू रिंगणात जात नव्हतं, लिलावात जात नव्हतं. पण शेडात आलेलं असल्यामुळे घरीही जात नव्हतं. रोगराईचा नियम. तीन दिवस ते शेडातल्या कप्प्यात राहिलं आणि शॉना रोज येऊन त्याला खायला घालत राहिली, कारण बाद मुलानंही जनावराची देखभाल करावी असंही पुस्तिकेत होतं. बाकीची पोरं तिच्या कप्प्यापुढून जाताना आवाज बदलून "बदली! बदली!" करायची. एकानं कप्प्यावर खडूनं दोन तोंडांची मेंढी काढली. आर्डिसनं ती पुसायला लावली. कप्प्यांवर काही लिहू नये असा नियम होता.

शनिवारी दुपारी ट्रक लागला. प्रत्येक मुलानं आपलं जनावर स्वतः फळीवरून चढवायचं, ही जुनी रीत. मोठी पोरं तोंड घट्ट मिटून चढवत होती, लहान रडत होती, बाप पाठीवर थापटत होते. आर्डिस फळीपाशी यादी घेऊन उभी.

शॉना शेवटी आली. प्लास्टर काढलेला हात बारीक, पांढरा पडलेला. कोकरू फळीवर अडलं. तिनं त्याच्या मानेखाली हात घातला, शिकवल्याप्रमाणे पाय नीट लावले, आणि कानात त्याचं नाव घेतलं. ते निमूट चढलं.

"नंबर?" आर्डिसनं विचारलं. विचारावंच लागे.

शॉनानं बिल्ला हातात धरला, नीट वाचला, प्रत्येक आकडा वेगळा सांगितला. "चार. सात. एक. तपासलाय."

आर्डिसनं खूण केली.

सोमवारी सकाळी तिनं कुरणातून चारशे सतराला पकडलं, गाडीत घातलं आणि दोन काउंट्या ओलांडून अनोळखी बाजारात विकून आली. कुणी विचारायला येणार नव्हतं. तरी तिला ते कुरणात बघवेना.

त्याच आठवड्यात ग्वेन आली. दोरी आणि ब्रश ओट्यावर ठेवले. पोरगी गाडीत होती, खिडकीची काच वर.

"हे तुमचं."

"राहू द्या तिच्याकडे," आर्डिस म्हणाली. "बंदी तीनच वर्षांची आहे. चौदाव्या वर्षी..."

"तिला एकच विचारायचंय तुम्हाला," ग्वेन म्हणाली. "मी म्हटलं, मी विचारते. तुम्हाला ती आवडायची की नाही? तिचं म्हणणं, आवडायची. म्हणून तिला समजत नाहीये."

आर्डिसला उत्तर ठाऊक होतं. ते तोंडाशीही आलं. पण इतक्या वर्षांत तिनं असलं काही मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं, आणि ते म्हटलं असतं तर मग त्या पत्र्याच्या खोलीतलंही म्हणावं लागलं असतं.

"कामाची होती," ती म्हणाली.

ग्वेन हसली. "सांगते तसं." आणि पायऱ्या उतरून गेली. शाळा सुरू व्हायच्या आत दोघी गाव सोडून गेल्या. कुठं, ते आर्डिसनं विचारलं नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत आर्डिसनं नवा नियम सुचवला: विभाग सांभाळणाऱ्याच्या कळपातलं जनावर कुणीही जत्रेत आणू नये. जत्रेसाठी कोकरं घेणारं तिचंच गिऱ्हाईक जाणार होतं, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेल्मर म्हणाला, अशी माणसं आता राहिली नाहीत. टाळ्या वाजवताना एकही जण तिच्याकडे सरळ बघत नव्हता, हे तिला टेबलाच्या टोकावरून स्वच्छ दिसलं. पंचविशी उलटली म्हणून त्यांनी तिला अक्रोडाच्या लाकडाची मानाची पाटीही दिली.

त्यानंतर तिनं आणखी नऊ वर्षं शेड सांभाळलं. त्यातल्याच एका जत्रेत, एका गटाची वजनं उरकल्यावर, ती गवताच्या गठ्ठ्यांमागून चालली होती. पलीकडे लहान पोरी खेळत होत्या. एकीनं पुठ्ठ्याची फळी काखेत धरली होती, दुसरी गठ्ठ्यावर बसून हुंदके देत होती.

"मोठ्यानं रड," फळीवाली दरडावत होती. "ट्रक आलाय!"

दुसरी एकदम थांबली आणि पाय आपटत म्हणाली, "ए, हे काय गं! दर वेळी मीच का शॉना व्हायचं? तू हो ना एकदा!"

"मी नाही. मी बाई आहे."

शॉनाला त्यांतल्या एकीनंही कधी बघितलं नव्हतं. त्या वर्षी त्या पाळण्यात असतील.

आर्डिस गठ्ठ्यांना वळसा घालून समोर आली. पोरींचे हात कमरेकडे गेले, शर्ट खोचले गेले. फळीवालीनं पुठ्ठा पाठीमागे लपवला.

"गल्लीत भुसा सांडलाय," आर्डिस म्हणाली. "झाडू घ्या."

पोरी पळाल्या. मग काट्यावरून तिला कुणीतरी हाक मारली, पुढच्या गटाची वेळ झाली होती, आणि ती यादी घेऊन निघाली.