गणपतीच्या नावाच्या तारखा

"बाकी काईबी करजो बापू, पण चालू कॉम्प्युटरले हात नको लावू," मंगल कार्यालयाच्या मॅनेजरभाऊंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. अडचण एवढीच, की त्या चालू कॉम्प्युटरला हात लावण्यासाठीच मला पाठवलं होतं.

आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर आहे. आष्टी तालुक्यातल्या आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. मी काय काम करतो असं कोणी विचारलं, की बाबा सांगतात, "पोरगा कॉम्प्युटर दुरुस्त करते." मी ते कधी सुधारत नाही. मला शिकवण्यासाठी त्यांनी जे सोसलं, त्यापुढे एवढी चूक त्यांना माफ आहे. मंगल कार्यालयाचं हे काम ऑफिसने पहिल्यांदाच एकट्या माझ्यावर सोपवलं होतं, त्यामुळे ते नीट व्हावं याची मला फार काळजी होती.

तिथलं तारखा राखायचं सॉफ्टवेअर जुनं होतं. करणारा कधीच पुण्याला निघून गेला होता. दर दसऱ्याला मॅनेजरभाऊ त्या मॉनिटरला कुंकू लावत, आणि ते उरलेलं वर्षभर कोणी पुसत नसे. सॉफ्टवेअर चालायचं, पण त्याला एका तारखेला एक लग्न एवढंच कळायचं. बाकी कार्यक्रमांच्या वेळा नुसत्या शेऱ्यात लिहिल्या जायच्या. आदल्या संध्याकाळची हळद आणि दुसऱ्या घरचा रात्रीचा स्वागतसमारंभ एकाच हॉलमध्ये येऊन भिडतील, हे त्याच्या गावीही नव्हतं. मागच्या हंगामात एकांचे पाहुणे गुलाबजाम खात असताना दुसऱ्यांची माणसं हळदीचा चौरंग घेऊन दारात उभी राहिली होती. तेव्हापासून कार्यालयाच्या मालकीणबाईंनी लावून धरलं होतं, "सगळं नवीन करून टाक. चातुर्मास आहे, लग्नं नाईत. आताच काय ते कर."

खरंच, एवढी सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल. आषाढ लागला की हॉलमध्ये साड्यांचे सेल आणि महिला मंडळांची भिशी, बस. काही बिघडलं तरी कोणाची वरात अडणार नव्हती. पण पुढच्या हंगामाच्या तारखा त्याच कॉम्प्युटरमध्ये होत्या, आणि ही गोष्ट एका माणसाला माझ्यापेक्षा जास्त टोचत होती.

तो माणूस म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका. बाजाराला आले की ते कार्यालयात डोकावायचेच. "माही तारीख आहे नं जागेवर?" त्यांच्या मुलीसाठी पाहिलेला मुलगा फौजेत होता. त्याची सुट्टी माघातल्या थोड्याच दिवसांची, आणि त्या दिवसांत मुहूर्त एकच. तो मुहूर्त हुकला असता तर लग्न वर्षभर पुढे गेलं असतं.

मी सगळ्या माहितीची नक्कल काढून ऑफिसात नेली आणि नवीन सॉफ्टवेअर आधी तिच्यावर चालवून पाहिलं. त्यात मी एक सफाई ठेवली होती. तेच नाव पुन्हापुन्हा आलं असेल, तर त्या नोंदी दुबार समजून शेवटची तेवढी ठेवायची. चालवलं आणि पुढचा हंगाम जवळजवळ रिकामा झाला! उरला एक 'गणपती' नावाचा ग्राहक आणि त्याचं वैशाखातलं एकच लग्न.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन मी हे सांगितलं, तर मॅनेजरभाऊ आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "अरे, साक्षगंध झाल्याबिगर पोरीचं नाव कसं लिवाचं? बोलणी मोडली तं गावभर होते. म्हणून कच्ची तारीख आम्ही गणपतीच्या नावानं धरतो. पक्की झाली का मंग खरं नाव."

"किती गणपती आहेत असे?"

"लय. हंगामच गणपतीचा आहे."

बाकावर चहा पीत बसलेल्या कंडक्टरकाकांनी कप खाली ठेवला. "म्हंजे माही तारीख गेली काय?"

"नाही काका, ती माझ्या ऑफिसातल्या नकलेतून गेली. इथे सगळं जागेवर आहे."

"नक्कल असो नाई तं अस्सल. मले पाहू दे."

त्यांना स्क्रीनवर त्यांची तारीख दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी उरलेला चहा घेतला. मी मात्र खोलीवर जाताना सायकलवर तोच विचार करत होतो. मी जिला सफाई म्हणत होतो, तिने या माणसाचं वर्ष घालवलं असतं. पण मॅनेजरभाऊंचं ऐकून काहीच केलं नाही, तर चौरंग पुन्हा दारात उभा राहणार होता. हात न लावण्यातही धोका होताच, फक्त तो सवयीचा झाला होता.

शेवटी मी मालकीणबाईंना सांगितलं, "काकू, सगळं नवीन नको. नावं आहेत तशीच राहू द्या. तारीख धरली की आपोआप मेसेज जाईल असं ठरलं होतं, तेही आता नको. एखाद्याच्या घरी भलत्याच्या हातात मोबाइल असला तर बोलणी फुटतील. मी फक्त एक जोड देतो. ती तारखा आणि शेऱ्यातल्या वेळा वाचेल, आणि दोन कार्यक्रम भिडत असले तर लाल दाखवेल. बदलणार काहीच नाही. चुकली तर उगाच लाल होईल, एवढंच."

"म्हंजे नुसतं बोंबलनं?"

"हो."

"आमच्या गल्लीतल्या बुढ्यावानी," मॅनेजरभाऊ म्हणाले. "दारात बसून बोंबलते, कामाले हात नाई."

"तसा बुढा दारात असला का चोर येत नाई," मालकीणबाई म्हणाल्या. "लाव."

हॉलमध्ये साड्यांचा सेल चालू असताना एका दुपारी मी ती जोड बसवली. जुनं जसंच्या तसं ठेवलं. बरेच लाल ठिपके उगाचचे होते. एकाच घरची हळद आणि लग्न त्याला दोन घरचं वाटत होतं. ते मी मॅनेजरभाऊंना विचारून तिथेच सुधारले; कोणता गणपती कोणाचा, हे त्यांना तोंडपाठ होतं. शेवटी एकच ठिपका उरला. माघातल्या त्या संध्याकाळी कंडक्टरकाकांकडची हळद होती आणि दुसऱ्या एका घरचं स्वागत. दोन्ही गणपतीच्या नावावर.

काका मागेच उभे होते. "आता?"

"आता काय, गणपतीचं गणपतीसंग भांडन," मॅनेजरभाऊ म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता. हे हंगामात उघडं पडलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

मालकीणबाईंनी दुसऱ्या घरच्या मामांना फोन लावला. स्वागत दुपारी ठेवता का म्हणून विचारलं, तर पलीकडून एवढा मोठा आवाज आला की आम्हा सगळ्यांना ऐकू गेला. "अवो बाई, बरं झालं! आमचे पाहुने नागपूरचे. रात्रीचं कोन थांबते? दुपारीच करून टाका."

मॅनेजरभाऊंनी स्वतः वेळ बदलली. लाल ठिपका गेला.

"आता ते जुनं बंद करून सगळं नवीनच लावून टाक," मॅनेजरभाऊ मला म्हणाले.

"नको भाऊ. हा हंगाम जुनं आणि ही जोड, दोन्ही चालू द्या."

"घ्या! आता हाच भेते."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लग्नाले येजो. आई-बाबाले घेऊन येजो. पन साक्षगंध होयेपर्यंत," त्यांनी बाहेर सेलमधल्या बायकांकडे एक नजर टाकली, "कोनाले सांगू नको."