दोन मिनिटांचा थोरला

ॲना तुस्कानोने आयुष्यात एकच मोठी चूक केली, आणि तीही तोंडाने नाही, बोटाने. त्याला आता चौतीस वर्षं झाली. ते बोट सांधेदुखीने वाकलंय, त्यात अंगठी चढत नाही, पण चूक मात्र अजून ठणठणीत आहे.

ॲना वसईकडच्या गिरीज गावची. आई सुईण, निम्म्या गावाच्या नाळा तिनेच कापलेल्या. जुळी झाली की थोरला कोण हे तीच सांगायची आणि गाव मुकाट्याने मानायचं. तिचा हिशेब सरळ होता. "मागून येतो तो थोरला. आधी आत शिरला तो तळाशी गेला, मग तो शेवटीच निघणार ना! एसटीत पहिला चढतो तो शेवटी उतरतो, तसं." ॲना पुढे नर्सिंग शिकली, परीक्षा पास झाली, पण थोरला कोण हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊकच आहे असं वाटलं की पुस्तकं ती गोष्ट लिहीत नाहीत.

चोविसाव्या वर्षी ती आखातात, दुबईपलीकडच्या फुजैराला आली. तिथल्या एका लहानशा हॉस्पिटलात लागून दोन महिने झाले असतील, तोच एका स्कॉटिश बाईंचं सिझर झालं. बाई भुलीखाली होत्या आणि नवरा इयन साहेब बंदरात, जहाजांत तेल भरणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, तो एका टँकरवर अडकलेला. जुळे मुलगे झाले. पहिला ॲनाच्या हातात आला तेव्हाच तिने पाहिलं, डाव्या कानामागे तांदळाएवढा तीळ. दोन मिनिटांनी दुसरा आला, गोरापान आणि भलताच रडका. डॉक्टर पुढच्या केसकडे धावले. दारात नोंदणीचा बदरुद्दीन फॉर्म घेऊन उभा होता. दोन्ही वेळा त्याच्याकडे चिठ्ठीवर लिहून आल्या होत्या. त्याला फक्त कोणती वेळ कोणाची ते हवं होतं.

"सिस्टर, बडा कौन?" त्याने विचारलं.

ॲनाने रडक्याकडे बोट दाखवलं. आईची लेक ती, तिच्या मनात शंकाच आली नाही. बदरुद्दीनने आधीची वेळ रडक्याच्या फॉर्मवर घातली आणि म्हणाला, "खलास."

रडक्याचं नाव ठेवलं ॲलिस्टर, त्याच्या आजोबांचं. थोरल्याला आजोबांचं नाव द्यायचं ही रीत वसईतही आहे, म्हणून ॲनाला उलट बरंच वाटलं. तीळवाला झाला रोरी. बाईंना दोन पोरं आवरेनात, तेव्हा त्यांनी ॲनालाच घरी बोलावून घेतलं. हॉस्पिटल सोडून ती त्यांच्याकडे राहिली. पोरांना 'मावशी' म्हणता येईना, ती 'माशी' म्हणायला लागली. ॲना सगळ्यांना सांगायची, "मी घोंघावते म्हणून नाही हो, प्रेमाने म्हणतात!" तिची स्वतःची लेक शेरॉन पुढे झाली आणि दीड वर्षाची असतानाच वसईला आजीकडे गेली, कारण दुसऱ्याची पोरं सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचं पोर सांभाळायची सोय कुठे असते?

चूक कळली ती पोरांच्या पहिल्या वाढदिवसाला. केक कापताना बाई पाहुण्यांना म्हणाल्या, "ॲलिस्टर दोन मिनिटांनी मोठा. भारी उतावळा, आधी धावत आला!" ॲना सांगणारच होती, की नाही मॅडम, तो मागून आला, म्हणून तर मोठा. शब्द ओठांवर आले आणि तिथेच थिजले. ह्या लोकांचा थोरला म्हणजे आधी येतो तो, हे तिला तिथे, हातात कागदी डिश धरून कळलं. त्या वेळी बोलली असती तर सगळे पोट धरून हसले असते आणि गोष्ट मिटली असती. पण नोकरी जाईल अशी भीती वाटली. शिवाय दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय, असंही वाटलं.

आभाळ कोसळायला बारा वर्षं लागली. पोरं तेरा वर्षांची असताना स्कॉटलंडहून एक पत्र आलं. इयन साहेबांचा कुणी दूरचा चुलता निपुत्रिक वारला होता आणि त्याची पदवी साहेबांकडे चालत आली होती. साहेब आता नववे लॉर्ड किनलोरी! स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी एका जुन्या नकाशाच्या पाठीवर सगळी वंशावळ काढून दाखवली. पाचव्या लॉर्डचे दोन मुलगे लढाईत गेले म्हणून पदवी पुतण्याकडे, सातव्याला सगळ्या मुलीच म्हणून भावाकडे, आणि अशी घसरत घसरत ती फुजैराच्या तेलाच्या टाक्यांपाशी येऊन थांबलेली. कोपऱ्यावरचा किराणावाला अन्वर त्यांना "लॉर्ड साहब, हबीबी" म्हणत दही द्यायला लागला. सगळे हसत होते. ॲनाही हसली, तोवर साहेबांनी सगळ्यात खाली ॲलिस्टरचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "आता हा मास्टर ऑफ किनलोरी. आमच्याकडे वारसाला असंच म्हणतात." रोरीचं नाव त्यांनी जरा बाजूला लिहिलं.

तिकडे साहेबांची एक म्हातारी आत्या होती. वारस आपल्या मातीत वाढला पाहिजे, माझ्याकडे पाठवा, असा तिचा हट्ट. एकालाच ठेवून घेईन म्हणाली. मग जायचं कोणी, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. ॲनाला पडला. तोंड उघडावं, सांगून टाकावं असं आठ दिवस रोज वाटायचं. पण मग रोरी जाईल. रोरी तिचा लाडका, तापात तिचाच हात धरून झोपणारा, वसईच्या मराठीत तिच्याशी भांडणारा. शेरॉन दूर होती ती होतीच, आता हाही?

ती गप्प राहिली. विमानतळावर ॲलिस्टरने तिचा पदर घट्ट धरला आणि म्हणाला, "माशी, मी नको जायचं." ती त्याला कुरवाळत रडली. रडताना मनात मात्र एकच होतं, देवा, बरं झालं रोरी नाही.

चुकीला पाप म्हणत नाहीत, असं ती स्वतःला समजावत आली. पण ते 'बरं झालं' चूक नव्हतं. फुजैराच्या चर्चमध्ये, पुढे दुबईला आल्यावर तिथल्या चर्चमध्ये, दर वर्षी तिने पापनिवेदन केलं. रागाचं सांगितलं, आळसाचं सांगितलं, ते 'बरं झालं' तेवढं सांगितलं नाही.

आता ॲना दुबईतल्या अल मनखूलमध्ये राहते, शेरॉनच्या व्हिसावर. शेरॉन हॉटेलच्या रिसेप्शनला आहे. बाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. जानेवारीत इयन साहेबही गेले. ॲलिस्टर आता लंडनला असतो आणि नाताळला कार्ड पाठवतो. रोरी फुजैराच्या बंदरातच लागलाय, महिन्यातून एकदा गाडी काढून माशीकडे येतो.

एका रविवारी दुपारी तो आला तेव्हा ॲनाने त्याच्यासाठी फुगे, वसईकडचे ते मैद्याचे फुगीर गोळे, तळले होते. दारातूनच ओरडला, "माशी, गरम आहेत ना?" एक तोंडात कोंबला आणि पाकिटातून कागद काढला.

"वकील लोकांचा प्रॉब्लेम आहे. बर्थ रजिस्टरची कॉपी एकदम फेंट आहे, टायमिंग वाचताच येत नाही. डॉक्टर गेले, बदरुद्दीनचा पत्ता नाही. तू एकटीच विटनेस. फक्त साइन कर, की ॲलिस्टर फर्स्ट आला. उद्या कॉन्सुलेटमध्ये स्टॅम्प, खलास. मग तो लॉर्ड."

"आणि तू?"

"मी?" तो हसला. "मी रोरी. नेहमीसारखा."

कागदावर लिहिलं होतं, मी शपथेवर सांगते. ॲनाने पेन घेतलं. वाकडं बोट पेनावर नीट बसेना. हेच ते बोट. एक सही केली की कुणाला कधी कळणार नव्हतं, आणि तेच तिला असह्य झालं. तिने पेन खाली ठेवलं.

"रोरी, तुझ्या डाव्या कानामागे तीळ आहे."

"हो. मग?"

"तो तीळ माझ्या हातात पहिला आला."

मग तिने सगळं सांगितलं. आईचा हिशेब, बदरुद्दीनचा प्रश्न, केक. रोरी आधी हसला. "वेट, एसटीतून उतरायच्या लॉजिकने?" मग त्याचं हसू थांबलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही एक वर्षाचे होतात तेव्हापासून."

"म्हणजे एअरपोर्टवर माहीत होतं?"

"होतं." तिला आता थांबायचं नव्हतं. "तू राहिलास म्हणून मला आनंद झाला. तो रडत होता आणि मला आनंद झाला होता, रोरी. पदवीबिदवीचं मला काही नाही. हे मी केलं."

ताटातल्या फुग्यांवरचं तेल थिजलं. रोरीने फोन उचलला तेव्हा ॲनाला वाटलं, हा आता वकिलाला लावतोय. त्याने भावाला लावला, स्पीकरवर टाकला आणि इंग्रजीत, चार वाक्यांत सगळं सांगून मोकळा झाला. शेवटी म्हणाला, "सो इट्स मी, ब्रदर. ॲपरंटली."

ॲना वाट पाहत होती. तो चिडेल, पुरावा मागेल, कोर्टाची भाषा करेल. इतकी वर्षं ज्या नावासाठी वाढवला ते नाव तिने त्याच्या हातून काढून घेतलं होतं. त्याने चिडावंच, असं तिला वाटत होतं.

"माशी?" आवाज आला. चौतीस वर्षांच्या माणसाचा आवाज, पण मराठी तेरा वर्षांच्या पोराची, जिथे सुटली तिथेच थांबलेली. "माशी, म्हणजे मी नाही जायचं होतं?"

ॲनाने फोन दोन्ही हातांत धरला.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "तू जायचा नव्हतास."