टीव्हीवरच्या मुलीची दृष्ट

रविवारी सकाळी परदेशातल्या गाण्याच्या स्पर्धेचं पुनःप्रक्षेपण लागलं होतं. मी मेथी निवडत होते, सासूबाई गायकांना नापास करत होत्या. "स्टेजवर धूर सोडण्यापेक्षा सूर लाव की मेल्या!"

मग साध्या झग्यातली एक मुलगी आली. पहिल्याच ओळीला तिचा आवाज कापरा झाला. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. तिची भाषा कळत नव्हती, पण घाबरलेला आवाज कुठल्याही भाषेत घरचाच वाटतो.

"श्वास घे गं बाई," सासूबाई म्हणाल्या.

तिनं घेतला, आणि वरचा सूर असा लावला की आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी लगेच मीठ-मोहरी आणून टीव्हीवरून ओवाळली.

"अहो आई, कार्यक्रम कालचा आहे."

"मग आधीच उशीर झालाय. गॅस पेटव!"

मी पेटवला. मोहरी काय तडतडली म्हणता! दृष्ट लागलेलीच होती.