जाऊबाईंच्या साथीला

इंग्लंडमधल्या आमच्या मेडनहेडच्या हौशी ऑर्केस्ट्राने त्या हिवाळ्यात एक जुना जर्मन कँटाटा बसवायला घेतला. चर्चमध्ये गायचं तीनेकशे वर्षांपूर्वीचं भक्तिसंगीत. गाणारी एकटी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, आणि मागे आम्ही तंतुवाद्यवाले. मधल्या गाण्यात एका व्हायोलिनला गळ्याच्या बरोबरीने चालायचं असतं, आणि ती जागा मला मिळाली होती. पुण्यात शाळेपासून वाजवत होते, पण इथे एवढं कुणी पहिल्यांदाच सोपवलं होतं.

ठरलेल्या गायिकेचा घसा बसला. आमचे कंडक्टर म्हणजे एक निवृत्त शिक्षक. ते खुशीत म्हणाले, लंडनमधल्या स्टॅनमोरची एक बाई मिळाली आहे, तुमच्याच आडनावाची! स्टॅनमोरला आमच्या आडनावाची गायिका एकच. माझी थोरली जाऊ.

सासूबाई गेल्यापासून मी तिच्याशी बोलत नव्हते. त्या शेवटी आमच्याकडे होत्या. कॅन्सरने अन्न तुटलं होतं. मी मऊ भात मिक्सरमधून काढून चमच्याने भरवायची, त्यातलाही निम्मा बाहेर यायचा. जाऊ रविवारी यायची, फुलं ठेवायची, निघायची. आणि क्रिमेटोरियमच्या दारात, सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, त्या घरात आईला उपाशी ठेवलं. नवरा म्हणतो, दुःखात बोलून गेली. मला तसं वाटत नाही.

ती रिहर्सलला आली, मला बघून क्षणभर थबकली, मग कंडक्टरना इंग्रजीत म्हणाली, "आम्ही फॅमिली आहोत." त्यांना कोण आनंद!

गाण्याचा अर्थ त्यांनी आम्हाला सांगितला होता. देवा, माझ्या मनात आता कुणाविषयी वैर उरलेलं नाही. तिने ते सुरेख गायलं. तिचा आवाज चांगला आहे, आणि तेच जास्त खुपतं. अर्ध्यात थांबून ती माझ्याकडे वळली. इतरांना कळू नये म्हणून मराठीत बोलली. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी तशीच.

"तुझा व्हायोलिन फार मोठा वाजतो. मागे राहा ना."

"ताई, इथे बरोबरीने लिहिलंय. मागे नाही."

"तुला सगळीकडे पुढेच पाहिजे. आईचा पण तसाच केलास."

"आईंचं करायला तुम्ही होतात कुठे?"

"ऑल सॉर्टेड?" कंडक्टरनी हसून विचारलं. आम्ही दोघींनी माना हलवल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी चर्च गारठलेलं होतं, पण भरलेलं. कंडक्टरनी मधलं गाणं रिहर्सलपेक्षा संथ घेतलं. मी तिच्या शेजारी उभी होते. एका लांबलचक ओळीत तिचे खांदे वर चढलेले दिसले; श्वास शेवटपर्यंत पुरणार नव्हता. मी माझा सूर ताणून धरला. कंडक्टरनी ते ओळखून हात सावकाश केला, आणि तेवढ्यात तिने श्वास घेतला. तिच्यासाठी नाही केलं मी. ते गाणं अर्धं माझं होतं.

टाळ्या झाल्या. नंतर चर्चच्या किचनमध्ये, जिथे आमचे कोट होते, तिने मला गाठलं.

"तू मुद्दाम थांबलीस. लोकांना दाखवायला, की मला जमत नाही."

"तुमचा श्वास संपला होता."

"माझा श्वास नाही संपत."

"मग क्रिमेटोरियमला खोटं बोलण्याआधी एकदा घ्यायचा होता."

ती पांढरी पडली. "खोटं? आई मला फोनवर सांगायची. भूक लागली आहे, कोणी देत नाही."

हे मला माहीत नव्हतं. सासूबाई माझ्या घरात बसून, माझ्या पाठीमागे, हे बोलत होत्या.

"सांगत असतील," मी म्हटलं. "भूक लागायची आणि घास गिळवायचा नाही. ते बघायला शेजारी बसावं लागतं. फोनवर दिसत नाही."

कोटाची बटणं लावत ती म्हणाली, "मी आईवर विश्वास ठेवते," आणि गेली.

वसंतात कंडक्टरना आम्ही दोघी पुन्हा हव्या होत्या. तिने कळवलं, येईन, पण व्हायोलिनला दुसरं कुणी हवं. ते बिचारे अवघडून मला विचारायला आले. मी म्हटलं, मी माझी खुर्ची सोडणार नाही. त्यांनी दुसरी गायिका आणली.

नवी बाई बेताचंच गाते. मला चालते.