चरबीतली सूज

"डायबेटिस आहे, आणि लिव्हरवर चरबीही आहे," भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते. मला काहीच वाटलं नाही. शेवटी माझ्या यजमानांनी, सुधाकरांनी विचारलं, "आता काय करा लागते, मॅडम?"

मी पवनीजवळच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं घ्यायची, बायांना आहार समजावायचा, हे माझं काम. माझं स्वतःचं वजन दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढतच गेलं. मान काळी पडली. दुपारी बसल्या बसल्या डोळे मिटायचे. मी ते अंगावर काढलं. संध्याकाळचं जेवण सोडलं, तरी फरक नाही.

एकदा एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "लेकरायची खिचडी तुमीच खाता का जी, मॅडम?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी कुणाला सांगितलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या, पण साखर पुरेशी उतरेना. मग भंडाऱ्याहून आम्हाला नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे या आजारावर एका औषधाची चाचणी सुरू होती. बाकावर बसून वाट पाहायची, नाव पुकारलं की रक्त द्यायचं, परत बाकावर यायचं. मी सांगतील तसं सगळं करत गेले.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. "चरबी म्हणजे नुसता साठा नाही. ती शरीरात काम करते. तुमच्या पोटाच्या चरबीत इन्फ्लमेशन असावं." म्हणजे आतल्या आत धुमसणारी सूज. ती दिसत नाही, दुखत नाही, पण तिच्यामुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. सांधेदुखीवरचं एक जुनं औषध ही सूज कमी करतं का, ते त्यांना पाहायचं होतं. काहींना खरं औषध मिळणार होतं, काहींना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. कुणाला काय, ते शेवटीच कळणार होतं. मी चाचणीला तयार झाले.

आधी बायोप्सी झाली, म्हणजे तपासणीसाठी शरीराचा बारीक तुकडा काढणं. बेंबीच्या बाजूची कातडी बधिर करून सुईने चरबी काढली. बाटलीत तुरीच्या डाळीएवढं पिवळं काहीतरी तरंगत होतं. ते पाहता पाहता मी बोलून गेले, "डॉक्टर, लेकरांचा खाऊ मी खात नाही."

त्यांनी तसं काही विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "या आजाराला बरीच कारणं असतात, ताई. घराणं, झोप, जेवण, ही सूज. तुम्ही चोर आहात, असं यातल्या कशानेही ठरत नाही."

परतीच्या बसमध्ये मी त्या बाईचं बोलणं सांगितलं, तेव्हा सुधाकर म्हणाले, "इतके दिवस मले काहून नाई सांगतलं तू?"

"सांगून काय झालं असतं?"

त्यांनी माझा हात धरला, तो पवनी येईपर्यंत सोडला नाही.

कॅप्सूल सुरू झाल्या आणि कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येऊ लागला. फोन केला तेव्हा डॉक्टरांनी मात्रा कमी केली. आवाज थांबला. साखर उतरली. वजन तेवढंच राहिलं.

चाचणी संपल्यावर कळलं, मला खरं औषध होतं. आणि आता ते बंद.

"बरं वाटून राह्यलं होतं तिले, मंग बंद काहून?" सुधाकरांनी डॉक्टरांना विचारलं.

"साखर उतरली हे खरं. पण वर्षानुवर्षं घेतलं तर किडनीचं, हृदयाचं काय होईल, ते अजून नक्की माहीत नाही. माहीत नसताना कसं देऊ?"

साखर पुन्हा चढली. रडू आलं नाही. आता दुसऱ्या गोळ्या आहेत, रोजचं चालणं आहे, ताटात भात कमी आहे. थोडं वजन उतरलंय. आजार आहेच.

तुमच्यापैकी कुणाची मान काळवंडत असेल, कंबर वाढत असेल, तर लाज बाजूला ठेवून साखर तपासा. उपाशी राहू नका. सांधेदुखीच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका. आणि लोक काही बोलले, तर ते घरी सांगा. माझे डॉक्टर आणि सुधाकर, दोघांनी ऐकून घेतलं. औषधाइतकंच तेही मला लागत होतं.

मागे लाखनीला पुतणीचं लग्न झालं. लोक ताटाकडे बघतील या भीतीने कित्येक वर्षं मी लग्नात जेवत नसे, पोट बरं नाही म्हणून उठून जाई. या वेळी पंगतीत बसले. भात थोडाच घेतला. वांग्याची भाजी संपली, तेव्हा वाढणाऱ्याला हाक मारली आणि आणखी मागून घेतली.