मामांचा तापमापक

माफ करा, लिहावं इतकं मला काही येत नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून झाडं गेली की हवा कशी तापते हे भेटेल त्याला सांगत सुटतो.

आमच्या चेन्नईच्या गल्लीत ते शांतपणे ऐकून घेतात फक्त शेजारचे मामा, तंजावरकडचे मराठी. शेवटी म्हणतात, "सरी, सरी, बरोबर आहे तुझं. ते रान रे. हे दारातलं झाड." कावळे स्कूटर घाण करतात म्हणून दारातला कडुलिंब तोडायचा अर्ज त्यांनीच केलाय, आणि दुपारभर त्यांची खुर्ची त्याच्याच सावलीत असते.

प्रकल्पासाठी मी एक तापमापक त्या झाडाला टांगला, दुसरा समोरच्या उन्हातल्या भिंतीवर. दुपारी मी कॉलेजात, म्हणून आकडे मामा टिपून ठेवत. दोन्ही रोज सारखेच! झाडांनी काही फरक पडत नाही, असा निष्कर्ष मी वर्गात ऐटीत वाचलासुद्धा.

मग कळलं, भिंतीवरचा तापमापक मामा रोज सावलीत आणून ठेवत होते. "काय वेयिल रे ते! उन्हात बिचारं करपून जाईल की."

काल त्यांना कळलं, परवानगी मिळाली. झाड सोमवारी तुटणार. दोन्ही तापमापक हातात घेऊन मामा माझ्या दारात आले.

"आता ह्यांस कुठं ठेवायचं रे?"