बंद खोलीतला सेल

वडील गेल्यापासून त्यांची खोली आम्ही बंदच ठेवली होती. परवा उघडली. त्यांचा कॉम्प्युटर सुरू झाला, पण वेळ कितीदा लावली तरी बंद केल्यावर पुन्हा चुकायची. बिडकीनच्या बस स्टँडसमोर दुरुस्ती करणाऱ्या एका बाईंकडे मी तो नेला. त्यांनी बांगड्या वर सारल्या, डबा उघडला, आतला नाण्याएवढा सेल काढला आणि नमस्कार केल्यासारखा कपाळाला लावला.

"घड्याळ खराब नाय, भाऊ. सेल संपलाय. मशीन बंद असलं तरी ह्यो एकटाच आत वेळ चालू ठेवतो."

"खोलीत कुणी नसतानाही?"

"व्हय. दम हाय तवर."

त्यांनी नवा सेल बसवला. जुना मी मागून घेतला. त्या खोलीत सगळं थांबलंय, असंच मी समजत होतो.